‘थ्रॉल’ : एका शब्दात दडलेली गुलामी



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, भाषेचा अभ्यासक नाही. पण आमच्या क्षेत्रात ‘मास्टर’ आणि ‘स्लेव्ह’ हे शब्द वर्षानुवर्षे सर्रास वापरले गेले. हुकूम देणारा संगणक मास्टर, तो पाळणारा स्लेव्ह. २०१८ मध्ये पायथन या भाषेच्या विकासकांनी हे शब्द बदलले, तेव्हा बरीच वादावादी झाली. ‘शब्दच तर आहेत, काय बिघडतं?’ असं अनेकांचं म्हणणं होतं. आज त्याच प्रश्नावर बोलायचं आहे, एका जुन्या इंग्रजी शब्दाच्या निमित्तानं.

तो शब्द म्हणजे ‘थ्रॉल’. अर्थ गुलाम. त्यावरूनच ‘थ्रॉलडम’, म्हणजे गुलामगिरी. हा शब्द इंग्रजीचा स्वतःचा नाही. इंग्लंडवर चाल करून आलेल्या आणि पुढे तिथेच वसलेल्या व्हायकिंग लोकांच्या नॉर्स भाषेतून तो आला. हे लोक माणसं पकडून विकत. डब्लिन हे त्यांच्या गुलामांच्या व्यापाराचं मोठं केंद्र होतं.

पण गुलामगिरी व्हायकिंगांनी आणली, असं मात्र नाही. इंग्रजांकडे ती आधीपासून होती. त्यांच्या जुन्या भाषेत ‘वेआल्ह’ म्हणजे परका. पुढे त्याच शब्दाचा अर्थ गुलाम असाही झाला. आजचं ‘वेल्स’ हे नाव त्याच शब्दातून आलं आहे. आधी माणसाला परकं ठरवायचं, मग त्याला बांधायचं. हा क्रम आपण नीट लक्षात ठेवायला हवा. १०८६ च्या ‘डूम्सडे बुक’ या सरकारी पाहणीत नोंदलेल्या लोकांपैकी सुमारे एक दशांश गुलाम होते. १९ व्या शतकात नाही, हजार वर्षांपूर्वी, आणि तेही गोरेच.

‘थ्रॉल’चं मूळ काय? धावणे या अर्थाच्या एका प्राचीन धातूशी अनेक अभ्यासक त्याचं नातं जोडतात. म्हणजे निरोप घेऊन, कामासाठी पळणारा. आता आपला ‘गुलाम’ शब्द बघा. अरबीत ‘ग़ुलाम’ म्हणजे मुलगा, पोरगा. फारसीतून मराठीत येईपर्यंत त्याचा अर्थ बांधलेला माणूस असा झाला. इकडे पळणारा, तिकडे पोरगा. गुलामी नेहमी साखळीचंच नाव घेऊन येत नाही. चहाच्या टपरीवर ‘ए छोटू, दोन कटिंग’ अशी हाक मारताना आपण काय करतो? त्या मुलाचं नाव आपण विचारलेलं असतं का?

शब्दाचा पुढचा प्रवास तर आणखी विलक्षण आहे. ‘एन्थ्रॉल’ म्हणजे मुळात गुलाम करणं. आज त्याचा अर्थ मंत्रमुग्ध करणं. एखादं गाणं ‘एन्थ्रॉलिंग’ वाटलं, तर ती दाद असते. त्यातली साखळी कुणाला दिसतही नाही.

शब्दातून साखळी गेली म्हणून जगण्यातून ती गेली असं होत नाही. वेठबिगारी बंद करणारा कायदा आपल्याकडे १९७६ साली झाला. तरी मुकादमाकडून घेतलेली उचल फिटत नाही, म्हणून ऊसतोडीला पुन्हा पुन्हा जाणारी कुटुंबं मराठवाड्यात आहेत. तिथे कुणी ‘गुलाम’ म्हणत नाही. ‘उचल’ म्हणतात. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये पुस्तकाला ‘गुलामगिरी’ असं थेट नाव दिलं आणि ते अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केलं. दूरच्या माणसाची साखळी आणि इथली साखळी यांना त्यांनी एकाच नावानं ओळखलं.

तर शब्द बदलून काय बिघडतं, किंवा काय सुधारतं? नुसता शब्द बदलून गुलामी संपत नाही, हे खरं. पण गोष्टीला तिचं खरं नाव दिल्याशिवाय ती संपवायला सुरुवातही होत नाही. तुमच्या गल्लीत, कारखान्यात, घरकामाला येणाऱ्या ताईंच्या बाबतीत तीन प्रश्न विचारा : हा माणूस काम सोडून जाऊ शकतो का? त्याचा हिशेब त्याला कळतो का? त्याला नावानं हाक मारली जाते का? उत्तर ‘नाही’ आलं, तर गोड शब्दावर समाधान मानू नका. बोला.