परत आलेले लेखन

(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



आपल्या ज्ञातीत लिहिणारी मुलेमुली थोडी नाहीत. लिहिलेले दाखविणारी मात्र फारच थोडी आहेत. वही ट्रंकेत कपड्यांखाली राहते. कारण विचारावे, तर "परत आले तर लोक हसतील," एवढेच उत्तर मिळते. या भीतीविषयी चार शब्द बोलावे, असे आम्ही योजिले आहे.

इ. स. 1855 साली जोतीराव फुले यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. एका भोळ्या कुणबी दांपत्यास जोशी कसा नाडतो आणि अखेर ते दोघे विद्येची कास कशी धरतात, हे त्यात दाखविले आहे. नाटक दक्षिणा प्राइझ कमिटीकडे गेले. कमिटीने ते नाकारले. जोतीरावांनी ही हकीकत लपविली नाही. पुढे 'गुलामगिरी'त ती स्वतःच नमूद केली. लेखणीही खाली ठेवली नाही. 1869 मध्ये शिवाजीमहाराजांवरील पोवाडा व 1873 मध्ये 'गुलामगिरी' प्रसिद्ध झाली. आणि ते नाकारलेले नाटक? हस्तलिखित टिकले, म्हणून 1979 साली ते छापून निघाले. मध्यंतरी 124 वर्षे लोटली होती.

यावरून परत आलेले प्रत्येक लेखन थोरच असते, असा अर्थ कोणी काढू नये. पुष्कळदा संपादकाचे म्हणणे रास्त असते. याकरिता परत आलेला कागद दोन दिवस बाजूस ठेवावा व मग शांतपणे वाचावा. दोष पटला तर सुधारावा. न पटला तर लेख दुसरीकडे धाडावा. एक प्रत आपणापाशी ठेवून तीवर तारीख घालावी. नकार त्या पानांपुरता असतो, हे ध्यानी घेतले की भीतीचा निम्मा भार उतरतो.

उरलेला निम्मा वडीलधाऱ्यांच्या हाती आहे. संपादकाच्या नकाराहून घरातले हसणे अधिक लागते. बहिणाबाई चौधरी यांस लिहितावाचता येत नव्हते. त्यांच्या ओव्या घरच्यांनी उतरून घेतल्या, म्हणूनच त्यांच्या निधनानंतर 1952 साली 'बहिणाबाईंची गाणी' महाराष्ट्राच्या हाती आली. ऐकणारे घर नसते, तर ती जात्यापाशीच विरून गेली असती.

मंडळाच्या चालकांस आमची एक विनंती आहे. स्मरणिकेत जे लेखन घेता येणार नाही, ते कारणाच्या दोन ओळी लिहून सन्मानाने परत करावे. आणि मुलांनो, पुढील वर्षी ट्रंकेतली वही घेऊनच संमेलनास या.