प्याद्याचे एक घर



आम्ही कामगार संघटनेत हयात घालवलेली माणसे. बुद्धिबळावर बोलण्याचा आमचा अधिकार तो काय? पण घाटंजीच्या जिनात दुपारच्या सुटीत पट मांडला जाई, तिथेच आम्ही हा खेळ शिकलो. शिकवणारे मिस्त्रीकाका देशी रीतीचे. प्यादे एकेकच घर सरकायचे, किल्लेकोट नाही, राजाला एकदाच घोड्याची उडी.

तरुणपणी आम्ही हौशी खेळाडूंच्या एका स्पर्धेत उतरलो. काळी मोहरी वाट्याला आली. समोरच्याने मधली प्यादी दोन-दोन घरे दामटली. आम्ही राजाकडचा घोडा काढला, त्या बाजूचे प्यादे एक घर सरकवले आणि मोकळ्या घरात उंट बसवला. डाव हरलो. पण प्रतिस्पर्ध्याने विचारले, "हा राजाचा भारतीय बचाव कोणत्या पुस्तकात वाचलात?" आम्ही म्हणालो, "पुस्तक कसले? मिस्त्रीकाकांनी शिकवला." तो हसला. ते हसणे लागले, म्हणून आम्ही वाचू लागलो.

वाचताना महेशचंद्र बॅनर्जी भेटले. कलकत्त्याच्या क्लबातील एका सभासदाने बंगालच्या खेड्यातून हा कधी न हरलेला ब्राह्मण हुडकला, स्वतः हरला आणि त्याला जॉन कॉक्रन या बॅरिस्टरापुढे बसवले. दोघांचे शेकडो डाव झाले. अधिक डाव कॉक्रननेच जिंकले. पण १८५५ च्या एका डावात बॅनर्जींनी आधी घोडा, मग घोड्यापुढचे प्यादे एक घर आणि लगेच वजिराचे प्यादे दोन घरे असा खेळ केला, जरी तो डाव ते हरले. तीच मांडणी १९२२ साली व्हिएन्नाचे अर्न्स्ट ग्रुनफेल्ड खेळले. आज जग तिला ग्रुनफेल्ड बचाव म्हणते.

ग्रुनफेल्डनी चोरी केली असे आम्ही म्हणत नाही, अभ्यास त्यांचाच. पण ६७ वर्षे आधीचा तो डाव आपल्याला ठाऊक आहे, तो कोणी तरी लिहून ठेवला म्हणून. मिस्त्रीकाकांचा एकही डाव लिहिलेला नाही. हजेरीपटावर नाव नसेल तर मजुरी मागता येत नाही, हे आम्ही कामगारांना जन्मभर सांगितले. काकांच्या बाबतीत मात्र आम्हीच विसरलो.

२०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकला. तिची खेळीन्‌खेळी नोंदली गेली. आपल्या मुलांनीही पटाशेजारी एक वही ठेवावी. हरलेला डावही लिहावा, आणि कोणाकडून शिकलो तेही.