सम्यक आजीविका आणि भगिनींचे उद्योगनेतृत्व
(वर्षावास व्याख्यानमालेतील भाषण)



उद्योगातील स्त्रियांचे नेतृत्व म्हटले की संचालक मंडळाचे लांबलचक टेबल डोळ्यांसमोर येते. ते टेबल महत्त्वाचे आहेच. 2013 च्या कंपनी कायद्याने शेअर बाजारात नोंद असलेल्या कंपन्यांच्या संचालक मंडळावर किमान एक स्त्री बंधनकारक केली. अकोला जिल्ह्यातील कल्पना सरोज यांनी 2006 साली बुडीत निघालेल्या कमानी ट्यूब्जची सूत्रे हाती घेतली. 2013 मध्ये त्या पद्मश्री झाल्या. आम्हांला त्यांचा अभिमान आहे. परंतु आज आम्ही ज्या मालकिणींविषयी बोलणार आहोत, त्या रोज सकाळी ढकलगाडी घेऊन पुण्याच्या गल्ल्यांतून फिरतात.

1993 साली पुण्यात कचरावेचकांची परिषद भरली आणि कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. डॉ. बाबा आढाव तिच्या पाठीशी होते. सभासदांत बहुसंख्य स्त्रिया, आणि त्याही दलित समाजातील. 2008 मध्ये या कष्टकऱ्यांनी 'स्वच्छ' ही स्वतःची सहकारी संस्था काढून पुणे महानगरपालिकेशी करार केला. घरोघरचा कचरा ओला-सुका वेगळा घ्यायचा, घरटी मासिक शुल्क घ्यायचे, भंगार विकून आलेला पैसा कष्टकऱ्याचाच. संस्थेच्या मालक कचरावेचकच. कागद, काच, पत्रा, प्लास्टिक यांच्या किती जाती आणि कोणत्या जातीला काय भाव, हे ज्ञान कोणत्या व्यवस्थापन महाविद्यालयात मिळते?

वापरलेले सॅनिटरी पॅड उघड्या हातांनी वेगळे करावे लागत, म्हणून या भगिनींनी जुन्या वर्तमानपत्रांच्या पिशव्या तयार करून विकल्या. 2013 साली तर त्यांनी असा कचरा थेट उत्पादक कंपन्यांकडे परत पाठविला! 2016 च्या घनकचरा नियमांत प्रत्येक पॅडसोबत वेष्टन देण्याची जबाबदारी उत्पादकांवर आली.

हा विचार आम्हांला परका नाही. विनयपिटकात कथा आहे. उदयन राजाच्या राण्यांनी आनंदाला पाचशे चीवरे दिली. एवढ्यांचे करणार काय, असे राजाने विचारले. आनंदाने सांगितले, ज्यांची चीवरे विरली त्या भिक्खूंना देऊ. जुन्यांची पांघरुणे, मग बिछान्याची आच्छादने, मग जमिनीवरची अंथरुणे, पायपुसणी, झटकणी. शेवटी चिंध्या चिखलात मळून लिंपणाला. राजा ऐकत राहिला. काहीच वाया जात नव्हते.

आता कोणी विचारील, बाबासाहेबांनी 1927 साली महाडला मेलेली ढोरे ओढणे सोडा म्हणून बजावले, आणि तुम्ही कचऱ्याचे कौतुक करता? प्रश्न रास्त आहे. जन्माने गळ्यात पडलेले, मोबदला आणि मान नसलेले काम सोडलेच पाहिजे. कचरावेचक आईच्या मुलीने पोते उचलावे, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. पण याच कामाला आता 'हरित उद्योग' असे नाव मिळाले आहे, त्यात मोठमोठ्या कंपन्या आणि ठेकेदार उतरले आहेत. घाण होती तोवर ती आमची होती. नफा दिसू लागल्यावर ती दुसऱ्याची व्हावी? करार संपला की 'स्वच्छ'ला नूतनीकरणासाठी झगडावे लागते, ते याचसाठी. पोते खाली ठेवायचे, पण मालकी सोडायची नाही, हा आमचा मुद्दा आहे.

आम्ही बँकेच्या काउंटरवर बसतो. पगाराची स्लिप नाही म्हणून कष्टकरी बाईचा कर्जाचा अर्ज कसा मागे पडतो, ते रोज दिसते. पंचायतीच्या सभासदांनी म्हणूनच आपली स्वतंत्र पतसंस्था काढली. आमच्या मते हे पाऊल ढकलगाडीइतकेच मोलाचे आहे, फक्त त्याचे छायाचित्र कोणी काढत नाही.

म्हणून विद्यार्थिनींनो, या धंद्याला हिशेबनीस हवेत, निविदेतील बारीक अक्षर वाचणारे हवेत, खत आणि बायोगॅस जाणणारे अभियंते हवेत. ताळेबंद व निविदा वाचण्याचा रविवारचा वर्ग विहाराच्या अभ्यासिकेत सुरू करावा, अशी लेखी सूचना आम्ही कार्यकारिणीला दिली आहे. शिकवायला आम्ही येऊ. निम्म्या जागा भगिनींसाठी राखून ठेवाव्यात, एवढी आमची अट आहे.

जयभीम!