विश्वासावरही विसंबू नका
(वासंतिक व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



'ख्रिस्ती माणसाने तारणासाठी कशावर विसंबावे?' हा आजचा विषय. याचे उत्तर आमच्या रविवारच्या शाळेतले लहान मूलसुद्धा देईल: ख्रिस्तावर. उत्तर बरोबर आहे. तरीही आम्ही प्रत्यक्षात विसंबतो ते दुसऱ्याच चार गोष्टींवर, आणि ते आज स्पष्ट बोलावे म्हणून मी उभा आहे. पहिली गोष्ट बाप्तिस्मा आणि मंडळीच्या नोंदवहीतले नाव. दुसरी आपले बरे वागणे. तिसरी बिनचूक मतांगीकार. या तिन्हींतून सुटलेला माणूस हटकून चौथीत अडकतो, ती म्हणजे स्वतःचा विश्वास. 'मी विश्वास ठेवला, म्हणून मी तरलो' असे म्हणताना जोर नकळत 'मी'वर जातो. माझे सांगणे इतकेच आहे की तारणासाठी स्वतःच्या विश्वासावरही विसंबू नका.

या सभागृहात पुष्कळ श्रोते ख्रिस्ती नाहीत. त्यांना आधीच सांगतो, मी इथे कोणाचे धर्मांतर करायला आलेलो नाही. माझे भांडण आहे ते माझ्याच मंडळीशी. दारात एक गृहस्थ मला म्हणाले, "पाळकसाहेब, आज आमची परीक्षा घेणार का?" आज परीक्षा आमची आहे. तुम्ही पर्यवेक्षक. (हशा)

इतिहास तुम्हांला ठाऊकच आहे. पाचव्या शतकातला ऑगस्टीन आणि पेलागियस यांचा वाद, १५१७ मधले विटेनबर्ग, पापदंडाच्या माफीची ती पत्रे, मार्टिन ल्यूथर, हे सगळे शाळेच्या पुस्तकात येऊन गेले आहे, म्हणून त्यात शिरत नाही. फक्त एक गैरसमज दूर करतो. प्रॉटेस्टंट विश्वासाने तरतात आणि कॅथलिक कर्माने तरू पाहतात, असे आमच्याकडची माणसे सर्रास बोलतात. वसईचे कॅथलिक बांधव हे ऐकून दुखावतात, आणि त्यांचे दुखावणे रास्त आहे. ल्यूथरला उत्तर द्यायला भरलेल्या ट्रेंटच्या परिषदेने १५४७ साली जो ठराव केला, त्यात स्वच्छ म्हटले आहे की माणूस नीतिमान ठरण्याच्या आधीचे त्याचे काहीही, ना विश्वास ना कर्मे, त्या कृपेला पात्र करत नाही. विश्वाससुद्धा नाही! पुढे ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतल्या आउग्सबुर्ग शहरात लुथरन जागतिक महासंघ आणि कॅथलिक चर्च यांनी एका संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. देव आपला स्वीकार करतो तो केवळ कृपेने, ख्रिस्ताच्या कार्यावरील विश्वासाने, आपल्या लायकीमुळे नव्हे, आणि ती कृपाच आपल्याला सत्कर्मांकडे वळवते, असा तिचा आशय. मेथडिस्टांनी २००६ साली तिला दुजोरा दिला, पुढे अँग्लिकन आणि रिफॉर्म्ड मंडळ्यांनीही दिला. इतके मोठे भांडण ज्या मुद्द्यावर शमले, तो मुद्दा आमच्या किती उपदेशांत ऐकू येतो?

आता मी अशा व्यक्तीकडे वळतो, जी या चारही आधारांवर उभी राहून पाहून पुढे गेली. ती व्यक्ती आपल्या मराठीतली आहे. पंडिता रमाबाई. त्यांचे चरित्र मी सांगत बसणार नाही. कलकत्त्याचे पांडित्य, आर्य महिला समाज, शारदा सदन, १८९३ चे पुण्यातले वादळ, हे सारे आपण वाचलेले आहे. मला हवी आहे फक्त त्यांच्या तारणाच्या शोधाची वाट. ती त्यांनी १९०७ साली आपल्या साक्षीत स्वतः लिहून ठेवली आहे.

त्या वाढल्या तीर्थयात्रांत. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान आणि निष्ठावंत. व्रते, उपवास, पुराणकथन, दानधर्म यांत त्या घराने काही म्हणजे काही राखून ठेवले नाही. जवळचा पैसा दानात संपला, मग दुष्काळ आला, आणि आईवडील व थोरली बहीण डोळ्यांदेखत गेली. हे सांगताना हिंदू धर्माला कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. कृपेवाचून गती नाही हे या महाराष्ट्रात संतांनी आम्ही येण्याच्या कितीतरी आधी सांगितले, आणि नारायण वामन टिळकांसारखा कवी तुकोबांचा हात धरूनच ख्रिस्ताकडे आला. मला दाखवायचे आहे ते एवढेच, की पुण्य साठवून निर्धास्त होण्याची ओढ कुठल्या एका धर्माची मिरास नाही. ती आमच्याही घरात आहे. रविवार चुकवला नाही, दशांश चुकवला नाही, दारू शिवली नाही, मग देव माझे काही देणे लागतो, असे मनात म्हणणारा ख्रिस्ती माणूस तुम्हांला हवा तेव्हा दाखवतो.

रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज इथल्या जोगिणींच्या मठात राहिल्या. त्या जोगिणींनी त्यांना लंडनजवळ फुलहॅमला पाठवले. हा प्रसंग मी थोडक्यात सांगणार होतो, पण तो थोडक्यात सांगण्यासारखा नाही. समाजाने 'पतित' म्हणून टाकून दिलेल्या स्त्रियांसाठी फुलहॅमला एक घर चालवले जात होते. रमाबाईंनी तिथे पाहिले की या स्त्रियांशी कोणी तुच्छतेने बोलत नाही. त्यांच्यापैकी काही जणी तर इतक्या बदललेल्या की स्वतः दुसऱ्या दुखणेकऱ्यांची सेवा करत आहेत. रमाबाईंसारख्या शास्त्र जाणणाऱ्या बाईला प्रश्न पडला, या लोकांना हे करायला लावते कोण? तेव्हा एका जोगिणीने त्यांना ख्रिस्त आणि शोमरोनी स्त्री यांची गोष्ट सांगितली आणि योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला.

तो अध्याय ज्यांनी वाचलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. भर दुपारी एक बाई एकटी विहिरीवर येते. जातीने यहुद्यांच्या लेखी ती बाटलेली, आणि आयुष्य असे की पाच नवरे झालेले, सध्या ज्याच्याबरोबर राहते तो नवरा नव्हे. येशू तिच्याजवळ प्यायला पाणी मागतो. जिच्या भांड्यातले पाणी कोणी यहुदी पिणार नाही तिच्याजवळ! आता या संभाषणात काय नाही ते बघा. 'आधी वागणे सुधार, मग ये' ही अट नाही. 'तुझी उपासना कुठल्या डोंगरावर ते आधी ठरव' ही अट नाही, उलट तिनेच काढलेला तो वाद येशू ओलांडून जातो. 'तुझा विश्वास पुरेसा आहे का' हे तर कुठेच विचारलेले नाही. तो तिचे सगळे आयुष्य तिच्यापुढे मांडतो आणि तरी समोरून उठून जात नाही. ती घागर तिथेच टाकून गावात पळते. बदल नंतरचा आहे, मित्रहो! क्रम ध्यानात घ्या. आधी तो आला, मग ती पळाली. आम्ही मंडळीत हा क्रम उलटा करतो आणि वर त्यालाच शुभवर्तमान म्हणतो. (टाळ्या)

हे ऐकून रमाबाईंना जाणवले की हिंदुस्थानातल्या दडपल्या गेलेल्या स्त्रियांना उचलू शकेल असा कोणी असेल तर तो हा. त्या ओढीला विचारांची जोड मिळाली ती नेहेम्या गोरे यांच्या लेखनाची. गोरे म्हणजे काशीचे नीलकंठशास्त्री गोरे. आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी लेकीसह, मनोरमेसह, बाप्तिस्मा घेतला.

इथे आमचे चरित्रकार पूर्णविराम देतात. रमाबाईंनी दिला नाही. बाप्तिस्म्यानंतरची त्यांची पत्रे वाचा. सिस्टर जेराल्डीन या त्यांच्या धर्ममाता. रमाबाई प्रेमाने त्यांना 'आजीबाई' म्हणत आणि त्याच पत्रांत त्यांच्याशी हट्टाने वाद घालत. त्रैक्याचा सिद्धांत, ख्रिस्ताचे देवत्व, चर्चच्या अधिकाऱ्यांपुढे किती वाकायचे, सगळे वाद त्यात आहेत. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, कोरायचीच तर संस्कृत कोरा, असे त्यांनी बजावले. लॅटिन काय संस्कृतपेक्षा पवित्र आहे? (हशा, टाळ्या) आपल्याला याचा अभिमान वाटतो, मलाही वाटतो. पण त्या भांडणाखाली खरी अस्वस्थता होती. बाप्तिस्मा झाला, मते पुष्कळशी पटली, तरी आतली तहान भागेना.

आठ वर्षांनंतर त्या तहानेला उत्तर मिळाले. त्यात एका पुस्तकाचा वाटा होता. विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्लिश धर्मगुरूचे आत्मकथन. हे गृहस्थ १८५१ साली कॉर्नवॉलमध्ये आपल्या चर्चमध्ये उपदेश करत होते, आणि उपदेश करता करता स्वतःच्याच उपदेशाने त्यांचे हृदयपरिवर्तन झाले. लोक ओरडले, आपल्या पाळकाचे परिवर्तन झाले! (मोठा हशा) हसू येते खरे, पण रमाबाई हे वाचून थबकल्या. इतकी वर्षे वेदीवर उभा राहणारा माणूस आत रिकामा असू शकतो, तर आपण? त्यांनी साक्षीत सांगितले त्याचा मथितार्थ असा की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. आपल्या बळाचा शेवट झाला, तेव्हा जशा होत्या तशा त्यांनी स्वतःला ख्रिस्ताच्या हवाली केले.

आता माझ्या मुद्द्याला सर्वांत जपायला हवे, कारण याच ठिकाणी चौथा सापळा आहे, स्वतःच्या विश्वासाचा. रमाबाईंचा हा अनुभव ऐकून पुष्कळ पाळक लोकांना विचारू लागतात, 'तुम्हांला असा अनुभव कधी आला? तारीख सांगा.' मग ज्याला तारीख सांगता येत नाही तो घाबरतो, आणि ज्याला सांगता येते तो फुगतो. १९०५ साली केडगावात, रमाबाईंच्या मुक्ती सदनात, मोठे आत्मिक जागरण झाले. मुली तासन्‌तास प्रार्थना करत, रडत, मोठ्याने पाप कबूल करत. मी त्या जागरणाचा आदर करतो. पण त्या रडण्यावर जी मुलगी विसंबली असेल ती अश्रू आटल्यावर कशावर विसंबणार?

घाटातून एसटी चालली आहे असे समजा. एक प्रवासी शांत झोपलेला, दुसरा प्रत्येक वळणावर पुढच्या सीटचा दांडा घट्ट धरून बसलेला. खाली पोहोचतात दोघेही. पोहोचवते ती गाडी, झोप नव्हे. (हशा) तुमचा विश्वास खंबीर असेल तर प्रवास सुखाचा होईल, दुबळा असेल तर घामाघूम व्हाल. तारण दोघांचेही एकाच ख्रिस्ताने होते.

(संयोजकांकडून चिठ्ठी.) दहा मिनिटे उरली असे लिहिले आहे, आणि दोन प्रश्नही आले आहेत. याकोबाच्या पत्रावर मी सविस्तर बोलणार होतो, ते आता राहील. पहिला प्रश्न त्याच्याशीच जोडलेला आहे: 'सगळे कृपेवर सोडले तर माणसाने मन मानेल तसे वागावे का?' हाच प्रश्न पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात स्वतःला विचारला आणि झिडकारला. पण मी तुम्हांला केडगाव दाखवतो. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली गोळा करून आणल्या. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळात पुन्हा तेच. त्या सुमारास मुक्ती सदनात दोन हजारांच्या आसपास जीव राहत होते. शेती, विणकाम, छापखाना, सगळे बाया चालवत. फुलहॅमला पाहिलेल्या घरासारखे घर त्यांनी तिथे बांधले, कृपा सदन, ज्यांना दुसरे कोणी दारात उभे करत नव्हते त्यांच्यासाठी. हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बायांना कळेल अशा मराठीत त्यांनी सबंध बायबल उतरवले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी देह ठेवला. आता सांगा, कृपेवर विसंबलेली बाई हात बांधून बसली का? तिला आपले तारण कमवायचे नव्हते, म्हणूनच तिच्या कामात दुसऱ्याची भूक मावली. ज्याला स्वतःच्या पुण्याची चिंता आहे, तो उपाशी पोरीकडे बघतानाही स्वतःकडेच बघत असतो. याकोबाचे म्हणणे याहून वेगळे नाही. कर्मे दिसत नसतील तर विश्वास मेलेला आहे असे तो म्हणतो. जिवंत झाडाला फळ लागते, फळाने झाड जिवंत होत नाही, एवढे त्यात मी जोडतो.

दुसरी चिठ्ठी: 'ख्रिस्ती नसलेल्या सज्जन माणसांचे काय?' विचारणाऱ्याच्या मनात कोणीतरी आपले माणूस असणार. याला एक तासही पुरणार नाही आणि माझ्याकडे चार मिनिटे आहेत. न्यायासन मला दिलेले नाही, आणि ते ज्याच्याकडे आहे त्याला मी शोमरोनच्या विहिरीवर बसलेला पाहिला आहे. माझ्या काळजीला एवढे पुरते.

आता शेवटचे, आणि हे माझ्या ख्रिस्ती बंधुभगिनींना. मी पाळक आहे, आजाऱ्यांच्या खाटेपाशी बसतो. तिथे माणसे शेवटच्या दिवसांत विचारतात, "पाळकसाहेब, माझा विश्वास पुरेसा आहे का हो?" आयुष्यभर मंडळीत आलेली माणसे हे विचारतात, कारण आम्हीच त्यांना ते शिकवले. प्रार्थना करूनही दुखणे बरे झाले नाही की कोणीतरी म्हणते, 'विश्वास कमी पडला.' मूल गेलेल्या आईला हे वाक्य ऐकवणारी माणसे आमच्यात आहेत. हे थांबवा! त्या आईवर हा दुसरा घाव घालण्याचा अधिकार तुम्हांला कोणी दिला? तिच्याजवळ बसा, तिच्या घरी जेवण पोहोचवा, आणि बोलायचेच असेल तर ख्रिस्ताविषयी बोला, तिच्या विश्वासाविषयी नको. आणि पाळकांनो, मृत्युशय्येवरच्या माणसाला स्वतःच्या आत डोकावायला लावू नका. त्याच्याजवळ येशूच्या बाजूला वधस्तंभावर असलेल्या त्या चोराची गोष्ट वाचा. त्या चोराजवळ बाप्तिस्मा नव्हता, सत्कर्म नव्हते, मतांगीकार नव्हता आणि सांगण्यासारखी तारीखही नव्हती. त्याने फक्त बाजूच्या माणसाला हाक मारली, आणि त्या बाजूच्या माणसाने त्याला सोबत घेतले. तुम्हीही त्यालाच हाक मारा. तेवढे पुरे आहे.

(टाळ्यांचा गजर)