दादरच्या समुद्राकांठचें मैदान



धर्मग्रामाच्या ज्युबिलीप्रसंगीं वक्त्यानें चर्चच्या वास्तूविषयीं बोलावें अशी अपेक्षा असते. आम्हीं मात्र आज विषय घेतला आहे तो मुंबईच्या एका मैदानाचा. अरण्याच्या कुशींत आणि कोळशाच्या खाणींच्या शेजारीं राहणाऱ्या श्रोत्यांस समुद्राकांठच्या मैदानाशीं काय कर्तव्य, असें कोणी विचारील. त्यास उत्तरें दोन. आपल्या औष्णिक विद्युत् केंद्राशेजारून उच्च दाबाची जी वाहिनी निघते, ती सुमारें साडेसातशें किलोमीटर चालून ठाणें जिल्ह्यांतील पडघें येथें पोंचते. १५०० मेगावॅट वीज वाहून नेण्याची तिची शक्ति आहे. तेव्हां मुंबईच्या परिसराशीं आपला एक संबंध तारेचा आहे. दुसरा संबंध माणसांचा. दर वर्षीं डिसेंबरच्या आरंभीं चंद्रपूर-गडचिरोलीच्या खेड्यापाड्यांतून माणसें रेल्वेनें दादरला जातात, आणि तेथें त्यांचा मुक्काम ज्या मातीवर पडतो ती शिवाजी पार्कची. समुद्र म्हणून जो कांहीं असतो तो पहिल्यानें तेथेंच पाहिला, असे लोक आपल्या आसपास पुष्कळ आहेत.

मुंबई हीं मूळचीं सात बेटें. त्यांतील एक माहीम. या बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर नारळाचीं दाट बनें होतीं, आणि त्यांच्या आश्रयानें कोळी, भंडारी व आपले ईस्ट इंडियन ख्रिस्ती बांधव राहत. दादरचें साल्व्हेशन चर्च, ज्यास लोक पोर्तुगीज चर्च म्हणतात, तें सोळाव्या शतकाच्या अखेरीस याच भागांत उभें राहिलें. (तेथील आजची इमारत चार्ल्स कोरिया यांच्या कल्पनेची, विसाव्या शतकाच्या आठव्या दशकांतील आहे. जुन्या घाटाच्या देवळांची संवय असलेल्यांस ती प्रथमदर्शनीं चर्च वाटत नाहीं. आम्हांसहि वाटली नव्हती.)

१८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला. दाट चाळींतून माणसें पटापट मरूं लागलीं, तेव्हां राज्यकर्त्यांस हवेचें मोल कळलें. १८९८ सालीं सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि रुंद रस्ते व मोकळ्या जागा राखीत शहर उत्तरेस दादर-माटुंग्याकडे सरकूं लागलें. या वाढीच्या ओघांत १९२५ सालीं मुंबई म्युनिसिपालिटीनें समुद्रापासून हाकेच्या अंतरावर हें मैदान लोकांसाठीं खुलें केलें. क्षेत्र सुमारें २८ एकर. पहिलें नांव माहीम पार्क. पुढें १९२७ सालीं, शिवछत्रपतींच्या जन्मास तीनशें वर्षें झालीं असें त्या काळच्या गणनेनें धरून, त्यास शिवाजी पार्क हें नांव मिळालें. ही मागणी पुढें रेटणाऱ्या म्युनिसिपल सभासद अवंतिकाबाई गोखले. १९१७ सालीं गांधीजींबरोबर चंपारण्यांत काम करण्यास गेलेल्या आणि गांधीजींचें मराठी चरित्र लिहिणाऱ्या त्याच या बाई. २०२० सालीं महापालिकेनें नांवाचा विस्तार करून छत्रपती शिवाजी महाराज पार्क असें केलें. लोकांच्या तोंडीं मात्र जुनेंच नांव टिकून आहे.

आमच्या मतें या मैदानाची खरी कीर्ति त्याच्या कट्ट्यांत आहे. मैदानाभोंवतीं एक किलोमीटरहून कांहींसा अधिक लांबीचा बुटका कठडा आहे. उंची माणसानें टेकावें इतकीच. मोठ्या शहरांत भिंत बांधतात ती बहुधा माणसांस बाहेर ठेवण्यासाठीं; ही भिंत माणसांस बसावयास बोलावते. सकाळीं फिरावयास येणारे पेन्शनर, सायंकाळीं कॉलेजांतील मुलें, रात्रीं दिवसभराच्या कामानें थकलेला मजूर, सारे त्याच कट्ट्यावर बसतात, आणि कोणी कोणास उठवीत नाहीं. आंत क्रिकेटच्या खेळपट्ट्या एकमेकींस इतक्या लागून आहेत कीं, एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्यांतील फलंदाजाच्या पाठीशीं उभा असतो. पाहणाऱ्यास गोंधळ वाटतो, खेळणाऱ्यांस वाटत नाहीं. रमाकांत आचरेकर सरांनीं सचिन तेंडुलकरांसारखे खेळाडू याच गर्दींत घडविले. सरांचें स्मारक डिसेंबर २०२४ मध्यें मैदानाच्या प्रवेशद्वारापाशीं उभें राहिलें.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळींत आचार्य अत्रे यांच्या सभा येथें गाजल्या. १९६६ सालीं शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा बसला. त्याच वर्षीं दसरा मेळाव्याची प्रथाहि सुरू झाली. तिच्या गुणदोषांत शिरण्याचें हें स्थळ नव्हे.

आपल्या जिल्ह्याचा संबंध येतो तो १९५६ सालापासून. त्या वर्षींच्या ऑक्टोबरांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर नागपूरचा दीक्षासमारंभ आटोपून चंद्रपुरास आले, आणि १६ तारखेस येथें त्यांनीं लोकांस बौद्ध धर्माची दीक्षा दिली. दोन महिनेहि लोटले नाहींत तोंच ६ डिसेंबरास दिल्लींत त्यांचें महापरिनिर्वाण झालें. दुसऱ्या दिवशीं दादरच्या चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले. त्या स्थळीं भय्यासाहेब आंबेडकरांच्या प्रयत्नानें चैत्यभूमीचा स्तूप उभा राहिला. त्याचें उद्घाटन ५ डिसेंबर १९७१ रोजीं झालें. स्तूपाची जागा चिंचोळी, आणि पलीकडे लगेच समुद्र. लाखों माणसें तेथें उभीं तरी कोठें राहणार? म्हणून रांग दूरवर जाते आणि मुक्काम मैदानावर पडतो. १९२५ सालीं ही भूमि मोकळी राखली गेली नसती, तर इतक्या यात्रेकरूंस रात्रीं पाठ टेकावयास त्या शहरांत दुसरी जागा मिळाली असती असें आम्हांस वाटत नाहीं.

आतां दुसरी बाजूहि न्यायानें सांगितली पाहिजे. भोंवतालच्या रहिवाशांनीं वर्षानुवर्षें ध्वनिक्षेपकांचा मारा सोसला. अखेर त्यांनीं उच्च न्यायालयाकडे दाद मागितली, आणि मे २०१० मध्यें न्यायालयानें हा परिसर शांतता क्षेत्र ठरविला. ६ डिसेंबर, १ मे यांसारख्या मोजक्या दिवसांचा अपवाद ठेवला. निर्णय योग्यच होता. आजाऱ्याच्या उशाशीं कर्णा लावण्याचा हक्क कोणत्याहि पक्षास नाहीं, कोणत्याहि धर्मास नाहीं; आपल्यासहि नाहीं. उन्हाळ्यांत तेथील लाल माती उडते आणि घराघरांत शिरते, ही तक्रारहि खरी. राखेचा थर ज्यांच्या ओट्यावर बसतो त्या ऊर्जानगरकरांस ती समजावून सांगण्याची गरज नाहीं.

परंतु गोंगाटाविरुद्ध तक्रार निराळी आणि माणसांविरुद्ध निराळी. “हे बाहेरचे लोक येऊन मैदान घाण करतात,” हें वाक्य डिसेंबरांत ऐकूं येतें, तेव्हां त्यांत मातीची चिंता थोडी आणि येणारा कोण आहे याची चिंता अधिक असते. मैदान कोणाच्या खिडकीसमोर आहे म्हणून तें त्याचें अंगण होत नाहीं. ख्रिस्ती माणसानें तर असें बोलूंच नये. फेब्रुवारी १९८६ मध्यें परमपूज्य पोप जॉन पॉल दुसरे मुंबईस आले, तेव्हां त्यांनीं पवित्र मिस्साबलि अर्पिला तो याच मैदानावर. त्या दिवशीं जमलेल्या समुदायांत शिवाजी पार्कचे रहिवासी असे कितीसे असतील? मैदानानें कोणास गांव विचारलें नाहीं. आपल्या वसाहतीच्या मैदानावर शेजारच्या दुर्गापूरचीं मुलें खेळावयास आलीं, तर आपण त्यांस काय म्हणतों, हेंहि या ज्युबिलीच्या वर्षीं ज्याचें त्यानें आठवून पाहावें.

मैदानास दुसरें भय आहे तें आदराचें. १८ नोव्हेंबर २०१२ रोजीं बाळासाहेब ठाकरे यांच्यावर आणि ६ फेब्रुवारी २०२२ रोजीं लता मंगेशकर यांच्यावर तेथें अंत्यसंस्कार झाले. दोन्ही वेळां मैदानांतच स्मारक व्हावें अशी मागणी निघाली. भावना थोर, पण प्रत्येक थोर माणसास एकेक तुकडा दिला, तर मुलांनीं खेळावें कोठें? लताबाईंच्या वेळीं त्यांच्या कुटुंबीयांनींच तो वाद थांबविण्यास सांगितलें, हें त्यांस शोभलें.

येत्या डिसेंबरांत ज्यांस जावयाचें असेल त्यांच्यासाठीं एवढेंच सांगतों. महापालिका मैदानावर मांडव घालते, पाण्याची व शौचालयांची सोय करते, भ्रमणध्वनीस वीज मिळण्याचीहि व्यवस्था करते. समुद्रावरून रात्रीं गार वारा येतो, तेव्हां चादर सोबत असावी. आणि पिशवी थोडी मोकळी ठेवावी. कारण मैदानावर त्या दिवसांत पुस्तकांचीं दुकानें ओळीनें लागतात, आणि परतणाऱ्यांच्या सामानांत कपड्यांहून पुस्तकेंच जड असतात.