काम थांबतं तेव्हा ओझं कोणावर पडतं?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला बेरोजगारीवर बोलायला सांगितलं आहे. जेवणाआधीचा विषय म्हणून तो जरा कोरडा वाटेल, पण आपणच त्याचं उदाहरण आहोत. आज या मांडवात पुण्याहून, मुंबईहून, सोलापूरहून आलेले किती जण बसलेत ते पाहा. परंड्यात काम पुरेसं असतं तर एवढ्या जणांना प्रवास करून इथं यावं लागलं नसतं.

मंदी आली की काम कमी होतं. हे कोणत्याच देशाला चुकलेलं नाही. फरक पडतो तो ओझं कोण उचलतं यात. 2009 साली जर्मनीचं उत्पन्न सुमारे 5 टक्क्यांनी घटलं. अमेरिकेची घट त्याहून कमी होती. तरी त्या ऑक्टोबरात अमेरिकेतली बेरोजगारी 10 टक्क्यांवर गेली आणि जर्मनीतली फारशी वाढली नाही. कारण अमेरिकेत मागणी घटली की कामगाराला घरी पाठवतात आणि मग काही आठवडे भत्ता देतात. जर्मनीत कारखाना सगळ्यांचेच तास कमी करतो. बुडालेल्या निव्वळ पगारापैकी 60 टक्के, आणि मुलं असतील तर 67 टक्के रक्कम विमा निधीतून मिळते. माणूस कामावर राहतो, हातातलं कसब टिकतं. स्पेनमध्ये ओझं पडलं ते मुख्यतः हंगामी करारावरच्या तरुणांवर. 2013 साली तिथं 25 वर्षांखालच्या, काम शोधणाऱ्या तरुणांपैकी निम्म्याहून अधिक बेकार होते.

आता आपल्याकडे या. सरकारी पाहणीत आपला बेरोजगारीचा दर या देशांच्या मानाने कमीच दिसतो. याचा अर्थ आपलं बरं चाललंय असा नाही. चालू आठवड्याच्या हिशेबात आठवड्यातून एक तास काम केलेला माणूसही रोजगारात धरला जातो. शिवाय ज्याच्या घरी साठवण नाही, त्याला बेकार बसणं परवडतच नाही. तो मिळेल ते काम धरतो, नाहीतर गाव सोडतो.

भूम-परंड्याकडे हे गाव सोडणं कसं होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. पावसाळ्यात मुकादमाकडून उचल घ्यायची, दसरा-दिवाळी झाली की टोळीबरोबर कारखान्यावर जायचं आणि पट्टा पडेपर्यंत ऊस तोडून ती उचल फेडायची. नवरा-बायको मिळून एक कोयता. पाऊस चांगला झाला नाही की कोयते वाढतात. कागदावर ही माणसं बेकार नसतात. जर्मनीत जे ओझं विमा निधी उचलतो, ते इथं त्या जोडप्याच्या अंगावर आणि त्यांच्या मुलांच्या शाळेवर पडतं. दिवाळीच्या सुट्टीनंतर हजेरी घेताना काही नावांना उत्तर येत नाही, हे इथं बसलेल्या प्रत्येक शिक्षकाला माहीत आहे.

पण महाराष्ट्राने यावर काहीच केलं नाही असं म्हणणं अन्यायाचं ठरेल. 1972 च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली, मिलो आणि सुकडी खाल्लेली माणसं आपल्या घरांत होती. 1973 च्या उन्हाळ्यात राज्यातल्या दुष्काळी कामांवर जवळजवळ 50 लाख माणसं होती. वि. स. पागे यांनी मांडलेल्या कल्पनेतून रोजगार हमी उभी राहिली. 1977 साली तिचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. तिच्या खर्चासाठी 1975 साली व्यवसाय कर बसवला. तुमच्यापैकी अनेकांच्या पगारातून दरमहा 200 रुपये कापले जातात, तो हाच कर. शहरातल्या पगारदाराने गावातल्या मजुराच्या कामाचा भार उचलायचा, हा विचार आपल्या राज्याने केंद्राच्या 2005 च्या कायद्याच्या कितीतरी आधी केला होता.

तरीही कोयता थांबला नाही. हमीचं काम वेळेवर निघत नाही, मजुरी उशिरा मिळते, आणि मुकादम मात्र एकरकमी पैसे हातावर ठेवतो. घरात लग्न किंवा आजारपण असेल तर कोणता पर्याय निवडला जाईल हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही.

हा सगळा व्यवहार आपली बॅच बदलू शकणार नाही. मुलांपुरतं मात्र काही करता येईल. आईबाप तोडीला गेले तरी मुलांना गावातच आजी-आजोबांजवळ ठेवून दोन वेळचं जेवण देण्यासाठी हंगामी वसतिगृहाची सोय सरकारी योजनेत आहे. ती वेळेत मिळायची तर जाणाऱ्या कुटुंबांची यादी दसऱ्याच्या आत तयार हवी. मुलं गेल्यावर यादी करून उपयोग नाही. गावात राहणाऱ्या मित्रांनी शाळेला ही यादी करायला मदत करावी. बाहेर राहणाऱ्यांनी मंजुरी येईपर्यंतच्या जेवणाचा खर्च वाटून घ्यावा. आजी-आजोबा थकलेले असतील तिथं संध्याकाळचा अभ्यास घ्यायला कोणीतरी लागेल. निवृत्त गुरुजनांना ही विनंती मी हात जोडून करतो.

जेवणानंतर मुख्य दाराशी एक वही ठेवली आहे. कोण काय करणार, ते नावासह त्यात लिहावं.