ताट वेगळं कशाला?

‘त्याइच्या घरचं पानी पिऊ नोका.’ आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या गावांत हे वाक्य अजूनही कानावर पडतं. घरात कुणाला एचआयव्ही आहे अशी कुजबुज झाली, की त्या माणसाचं ताट वेगळं होतं, कपबशी वेगळी होते. निंदणाला, वेचणीला त्या घरच्या बाईला कुणी बोलावत नाही. लेकीची सोयरीक ठरत आलेली मोडते. नवरा गेला तर सासरचे सुनेलाच दोष देतात आणि लेकरांसह माहेरी धाडतात.

एचआयव्ही ताटातून पसरत नाही. पाण्यातून, हातात हात घेतल्यानं, खोकल्यातून किंवा डास चावल्यानंही पसरत नाही. असुरक्षित शरीरसंबंध, बाधित रक्त, दूषित सुई आणि बाधित आईकडून बाळाला, एवढेच त्याचे मार्ग आहेत. उपचार नसतील तर आईकडून बाळाला लागण होण्याचं प्रमाण 15 ते 45 टक्के असतं. वेळेवर औषध मिळालं तर ते 5 टक्क्यांच्याही खाली येतं.

ही औषधं सरकार 2004 पासून मोफत देतं. आज बहुतेकांना रोज एकच गोळी घ्यावी लागते. ती न चुकता घेतली, तर रक्तातला विषाणू तपासणीत सापडणार नाही इतका कमी होतो आणि अशा माणसाकडून शरीरसंबंधातूनही लागण होत नाही. तो शेती करतो, लग्न करतो, म्हातारपणापर्यंत जगतो.

पण गोळी चुकते. कारण ती लपवावी लागते. डबीवरचं लेबल खरवडून काढायचं, डबी धान्याच्या कोठीत दडवायची, पाहुणे आले की त्या रात्रीची गोळी राहून जाते. एचआयव्हीची औषधं देणाऱ्या एआरटी केंद्राच्या रांगेत गावचं कुणी दिसेल, या धास्तीनं माणूस जवळचं केंद्र सोडून दूरच्या शहराची एसटी पकडतो. त्यात रोजी बुडते, भाडं लागतं, आणि एखाद्या महिन्यात जाणंच होत नाही. गोळ्या वारंवार चुकल्या की विषाणू औषधाला दाद देईनासा होतो. म्हणून मी म्हणतो, आपली कुजबुज त्या माणसाचं औषध बंद पाडते.

ही भीती लेकरांनाही सोडत नाही. लातूर जिल्ह्यात हासेगावला रवी बापटले यांनी एचआयव्हीबाधित मुलांसाठी ‘सेवालय’ उभं केलं. 2009 मध्ये ही मुलं गावच्या शाळेत बसू लागली, तेव्हा पालकांनी आपली मुलं शाळेत पाठवणंच थांबवलं. त्या लेकरांना हवा होता फक्त वर्गातला एक बाक.

कायदा मात्र या माणसांच्या बाजूनं उभा आहे. 1997 साली मुंबई उच्च न्यायालयानं एका मजुराला न्याय दिला. तपासणीत एचआयव्ही निघाला म्हणून एका सरकारी महामंडळानं त्याला कामावरून दूर केलं होतं. माणूस काम करायला सक्षम असेल आणि त्याच्यापासून इतरांना धोका नसेल, तर केवळ एचआयव्ही आहे म्हणून त्याची रोजी हिरावता येणार नाही, असं न्यायालयानं बजावलं. निकालात त्याचं नावही गुप्त ठेवलं. पुढे 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा आला आणि 10 सप्टेंबर 2018 पासून तो लागू झाला. नोकरी, शाळा, दवाखाना, भाड्याचं घर यांत भेदभाव करायला त्यानं बंदी घातली. संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, संमतीशिवाय कुणाचा आजार जाहीर करता येत नाही. राहत्या घरातून बाहेर काढता येत नाही. बाधित माणसासोबत राहणाऱ्या घरच्यांनाही या कायद्याचं संरक्षण आहे. म्हणजे नवऱ्याच्या आजारापायी हाकललेल्या सुनेलाही घरात राहण्याचा हक्क आहे. तक्रारीसाठी कायद्यानं लोकपालाची सोय केली आहे.

पण शेजारणीला वेचणीला सोबत न्यायचं की नाही, हे काही कोर्ट ठरवत नाही. ते आपणच ठरवतो. तेव्हा माझी विनंती आहे. कुणाच्या आजाराची बातमी तुमच्यापाशी आली, तर ती तिथंच थांबवा. त्या घरी जा, चहा घ्या. शाळा समितीत असाल तर त्या लेकराच्या प्रवेशासाठी बोला. आणि स्वतःला शंका असेल, तर सरकारी रुग्णालयात मोफत तपासणी करून घ्या. माहिती हवी असेल तर 1097 हा मोफत क्रमांक आहे. तिथं तुमचं नाव गुप्त राहतं.